रीसेट करूनही राउटरचा डीएनएस पुन्हापुन्हा बदलतोय? आधी उघडं दार शोधा

आमच्या घरी सकाळचा पहिला चहा आणि आईच्या फोनवरचं पंचांग बरोबरच उघडतं. मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी तिने फोन माझ्यापुढे धरला. "अरे, हे बघ काय येतंय. तिथी बघायला गेले तर पत्त्यांचा जुगार." कुठलं तरी भलतं ॲप शिरलं असेल असं वाटून मी सगळी ॲप तपासली, काही सापडलं नाही. तासाभराने बाबांनी आतून हाक मारली. लॅपटॉपवर बँकेचं पान उघडताना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा आला होता. त्यांनी पुढे काहीही न दाबता मला बोलावलं, त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे.

दोन वेगळी यंत्रं, एकच सकाळ. दोघांमध्ये सामाईक होता तो भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे आमचा राउटर. तो मी त्याच दिवशी रीसेट केला आणि सगळं सुरळीत झालं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जुगार. पुन्हा रीसेट, पुन्हा सात दिवस शांतता, पुन्हा शुक्रवार. असं चार वेळा झाल्यावर खरं कारण सापडलं. रीसेट केल्यावर बरं होतं आणि काही दिवसांनी तेच परत येतं, अशा अवस्थेत जे अडकले आहेत त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. रीसेटने बदललेली सेटिंग पुसली जाते, पण ती ज्या वाटेने बदलली गेली ती वाट तशीच उघडी राहते. मला ही गोष्ट कळायला महिना लागला.

बिघाड नक्की कुठे आहे?

डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. आपण संकेतस्थळाचं नाव लिहितो, डीएनएस सर्व्हर त्या नावाचा आकडी पत्ता सांगतो आणि ब्राउझर तिकडे जातो. कोणी ही वहीच बदलून ठेवली तर नाव बरोबर लिहूनही आपण भलत्याच दारात उभे राहतो. राउटरमधला डीएनएसचा आकडा बदलला की घरातल्या प्रत्येक यंत्राला तीच खोटी वही मिळते. म्हणून असे चोर एकेका फोनच्या मागे न लागता राउटर गाठतात.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी. ज्या फोनवर त्रास दिसतो त्याचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तेच पान उघडा. डेटावर नीट आणि वायफायवर बिघडलेलं असेल तर संशय राउटरवर. दोन्हीकडे बिघडलेलं असेल तर आधी फोनच तपासा.

इथे माझा पूर्ण एक दिवस वाया गेला, ते सांगतो. माझ्या स्वतःच्या फोनवर वायफाय चालू असतानाही पंचांग व्यवस्थित दिसत होतं, त्यामुळे राउटर निर्दोष आहे अशी माझी समजूत झाली. नंतर आठवलं की माझ्या फोनमध्ये मी केव्हातरी 'प्रायव्हेट डीएनएस' लावून ठेवला होता. अँड्रॉइडच्या ९व्या आवृत्तीपासून ही सोय आहे. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलं की फोन राउटरची वही वापरतच नाही, स्वतःची वही कुलूपबंद मार्गाने वाचतो. तेव्हा तुलना करताना असा फोन बाजूला ठेवा. त्याचं बरं चालणं म्हणजे राउटर ठीक असल्याचा पुरावा नाही.

मग आकडा पाहा. फोनच्या वायफाय जोडणीच्या तपशिलात डीएनएस लिहिलेला असतो. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एनएसलुकअप' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, पुढे जागा सोडून कुठल्याही संकेतस्थळाचं नाव द्या. उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत, उत्तर कोणत्या सर्व्हरने दिलं ते कळतं. तिथे राउटरचा स्वतःचा पत्ता, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ दिसला तर तेवढ्याने समाधान मानू नका. त्याचा अर्थ इतकाच की यंत्र राउटरला विचारतंय. राउटर पुढे कोणाला विचारतो ते राउटरच्या पानावर जाऊन बघावं लागतं. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकून ते पान उघडतं. टाइप करताना आकडे इंग्रजीच हवेत.

पान उघडल्यावर दोन जागा बघायच्या: बाहेरच्या जोडणीची, म्हणजे वॅनची सेटिंग, आणि घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी डीएचसीपीची सेटिंग. मी पहिल्या वेळी फक्त वॅनची बघितली. खोटा आकडा डीएचसीपीत बसला होता.

तिथे इंटरनेट पुरवणाऱ्या ऑपरेटरच्या सर्व्हरचे पत्ते असतील, किंवा ८.८.८.८ आणि १.१.१.१ सारखे सर्वांना ठाऊक असलेले सार्वजनिक पत्ते असतील, तर ठीक. याखेरीज अनोळखी आकडा असेल तर तो लिहून घ्या, फोटो काढा आणि ऑपरेटरला फोन करून 'हा तुमचा आहे का' असं विचारा. मला 'नाही' असं उत्तर मिळालं.

राउटर स्वच्छ आहे आणि त्रास फक्त एकाच संगणकावर आहे, असं निघालं तर त्या संगणकातला डीएनएस बदललेला असू शकतो. हेही जुनंच दुखणं आहे. 'डीएनएसचेंजर' नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने जगभरातले सुमारे ४० लाख संगणक असे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात टोळी पकडली गेली, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयला पंचाईत पडली: खोटे सर्व्हर एकदम बंद केले तर लाखो लोकांचं इंटरनेटच थांबणार. म्हणून त्या जागी काही महिने चांगले सर्व्हर चालवले गेले आणि ९ जुलै २०१२ रोजी ते बंद झाले. अशा संगणकावर अँटिव्हायरसने सफाई करून जोडणीतला डीएनएस पुन्हा 'आपोआप मिळवा' वर आणावा लागतो. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून अशी सफाईची साधनं फुकट देतं.

पंचांग फसलं, बँक का फसली नाही

आईचं पंचांगाचं संकेतस्थळ जुन्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर चालणारं. तिथे वही बदलली की काम झालं, ब्राउझरला काहीच कळत नाही. बँकेचं पान एचटीटीपीएसवर असतं. तिथे समोरच्या सर्व्हरला आपण खरोखर त्याच बँकेचे आहोत याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. चोर पत्ता वळवू शकतो, प्रमाणपत्र आणू शकत नाही. बाबांच्या पडद्यावर आलेला इशारा तोच होता.

घरातल्या प्रत्येकाला एवढं एक सांगून ठेवा. तो इशारा आला की 'प्रगत' आणि मग 'तरीही पुढे जा' हे दाबायचं नाही. पैशाच्या पानावर तर कधीच नाही. घरातल्या मोठ्या माणसांना 'तुम्हाला यातलं काही कळत नाही' असं ऐकवण्यापेक्षा 'शंका आली की मला हाक मारा, कितीही वेळा मारा' असं म्हणा. आमच्या घरात नुकसान टळलं ते त्या हाकेमुळे.

रीस्टार्ट आणि रीसेट यांत गल्लत नको

बटण बंद करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट. त्याने तात्पुरती स्मृती पुसते, सेटिंग तशीच राहते. म्हणून बदललेला डीएनएस रीस्टार्टने जात नाही. मागच्या बारीक भोकात सिमकार्डची पिन दहा-पंधरा सेकंद दाबून धरणं म्हणजे रीसेट. त्याने सेटिंग पुसून डबा कारखान्यातून निघाला तसा होतो. कारखान्यातून निघतानाचे पासवर्डसुद्धा परत येतात, हे मात्र आपण विसरतो.

माझी तीन रीसेट कशी फसली

पहिल्या वेळी मी वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलला आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड 'ॲडमिन'च राहू दिला. ते पान घरातूनच उघडतं अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या वेळी तोही पासवर्ड बदलला. शुक्रवारी पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मला वाटलं, फायबर जोडलेली ठेवून रीसेट केल्यामुळे मधल्या मिनिटांत कोणी शिरत असेल. ही शंका अगदीच अनाठायी नव्हती. २०१६ साली मिराई नावाच्या किडीने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या दुष्ट प्रोग्रॅमने, कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर मिळून लाखो यंत्रं ताब्यात घेतली. तिच्याजवळ हत्यार काय, तर कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी. ती कीड यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहायची, रीस्टार्ट केलं की जायची, आणि पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायची. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच सैन्याने डिन या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरवर मारा केला, तेव्हा अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळं तासन् तास उघडत नव्हती. तर मी फायबर काढून रीसेट केलं, पासवर्ड बदलला, 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे राउटरचं पान घराबाहेरून उघडण्याची सोय, बंद केलं आणि मगच फायबर लावली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. शुक्रवारी पुन्हा जुगार.

तेव्हा मी वही घेतली. डब्याच्या नोंदींचा उपयोग नव्हता. दर वेळी वीज गेली की त्याचं घड्याळ मागे जायचं आणि नोंदींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख यायची. म्हणून मीच सकाळ-संध्याकाळ दोन गोष्टी लिहायला लागलो: डीएनएसचा आकडा, आणि रिमोट मॅनेजमेंट चालू की बंद. बुधवार, बंद. गुरुवार सकाळ, बंद. गुरुवार संध्याकाळ, चालू. मी हात लावला नव्हता. शुक्रवारी सकाळी डीएनएस बदललेला.

गुरुवारी आमच्या पुण्यातल्या भागात देखभालीसाठी लाईट जाते. लाईट आली की डबा नव्याने सुरू होतो, ऑपरेटरच्या सर्व्हरला 'मी आलो' असं कळवतो आणि सर्व्हर त्याला ठरलेल्या सेटिंगचा संच पाठवतो. या व्यवस्थेला टीआर-०६९ म्हणतात. २००४ पासून जगभर ती वापरतात आणि मुळात ती कामाचीच आहे. ग्राहकाच्या घरी माणूस न पाठवता दुरुस्ती करता येते, डब्यातल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवता येते. आमच्या ऑपरेटरच्या संचात 'रिमोट मॅनेजमेंट चालू' असं लिहिलेलं होतं. मी बंद केलेलं दार दर गुरुवारी उघडलं जात होतं. मी त्या डब्याला यूपीएस लावायचं ठरवलं होतं आणि आळसामुळे ते राहिलं. लावला असता तर दोष महिनाभर लपून राहिला असता आणि मग एखाद्या दिवशी वर आला असता.

पण दार उघडलं तरी कुलपाचा पासवर्ड मी बदललेला होता, मग आत येणारा येत कसा होता? याचं उत्तर तक्रारीवर आलेल्या तंत्रज्ञाने दिलं. त्याने माझ्यासमोर वेगळंच नाव आणि वेगळाच पासवर्ड टाकून पान उघडलं. मला कधी न दिसलेले चार पर्याय तिथे होते. मी विचारलं, हा पासवर्ड कुठला? तो सरळपणे म्हणाला, "साहेब, सगळ्या डब्यांना हाच असतो, आम्हाला पाठ आहे." डब्यात दुसरं खातं होतं, पहिल्यापेक्षा जास्त अधिकारांचं, आणि त्याची किल्ली त्या जातीच्या प्रत्येक डब्याला एकच. त्या रात्री डब्याच्या मॉडेलचं नाव टाकून शोधलं, तर पहिल्याच पानावर तो पासवर्ड लिहिलेला सापडला.

बाहेरची माणसं आमच्या डब्यापर्यंत पोचली कशी

आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. ऑपरेटर एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही त्यामागे आहात. काही ऑपरेटर १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. अशा घरापर्यंत बाहेरून थेट पोचणं अवघड असतं.

आमचं घर तसं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही दाराबाहेर कॅमेरे लावले तेव्हा बसवणाऱ्याने सांगितलं होतं, "बाहेरगावाहून बघायचं तर स्टॅटिक आयपी घ्या." वेगळे पैसे भरून घेतला. तेव्हापासून आमचा डबा रात्रंदिवस एका ठरलेल्या, न बदलणाऱ्या पत्त्यावर जगासमोर उभा होता. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं, त्या फोनच्या तारेवरच्या जमान्यात माणूस तासभर जोडलेला असायचा, आणि दर वेळी पत्ता वेगळा. आता आपण झोपलेले असतानाही जोडणी जागी असते. तिच्या दारावर सतत टकटक होत असते. ती टकटक करणाऱ्याला तुमचं नाव-गाव ठाऊक नसतं. प्रोग्रॅम ओळीने पत्ते तपासत जातो आणि उघडं दिसेल तिथे शिरतो. 'आमच्या घरात चोरण्यासारखं काय आहे' हा प्रश्न त्या प्रोग्रॅमला पडत नाही.

दूरदुरुस्तीची वाट उघडी राहिली तर मोठ्या कंपन्यांचीही काय गत होते ते नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत दिसलं. मिराईच्याच एका नव्या अवताराने टीआर-०६९च्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्रात शिरायचं क्रमांकाचं दार) धडका मारल्या आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले.

तुमचं दार उघडं आहे का, असं बघा

राउटरच्या पानावर वॅनचा आयपी पत्ता लिहून घ्या. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. राउटरचं लॉगिनचं पान उघडलं तर दार सताड उघडं आहे. शेवटी अपूर्णविराम देऊन ८०८० आणि ४४३ हे पोर्टही लावून बघा. ४४३ साठी सुरुवातीला एचटीटीपीएस लिहावं लागतं. ही चाचणी घरच्या वायफायवरून करू नका. काही राउटर आतून आलेली विचारणा वळवून आतच पोचवतात, त्यामुळे बंद दारही उघडं भासतं.

आणि ही चाचणी राउटर नव्याने सुरू केल्यावर पुन्हा करा. मी ती बुधवारी केली असती तर 'सगळं ठीक' असं उत्तर मिळालं असतं.

शेवटी जे टिकलं ते

ऑपरेटरच्या कचेरीत जाऊन मी दोन मागण्या लेखी दिल्या: आमच्या जोडणीच्या संचात रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा, आणि डबा 'ब्रिज मोड'वर टाका. टीआर-०६९ पूर्ण बंद करा असा हट्ट मी धरला नाही, तुम्हीही धरू नये असं माझं मत आहे. डब्याच्या नव्या आवृत्त्या त्याच वाटेने येतात.

ब्रिज मोडमध्ये डबा फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करतो. पत्ते वाटणं, डीएनएस, वायफाय, फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारा पहारा) ही सगळी कामं मागे लावलेल्या आपल्या स्वतःच्या राउटरकडे येतात, आणि त्याच्या किल्ल्या फक्त आपल्याकडे असतात. त्याच डब्यातून लँडलाइन चालत असेल तर ती चालू राहील ना, हे आधी विचारून घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आकडे घालून लिहितो.

१. रीसेटच्या आधी पीपीपीओईचं (ऑपरेटरच्या जोडणीत शिरण्याचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (त्या जोडणीच्या मार्गिकेचा) क्रमांक लिहून घ्या. पासवर्ड ठिपक्यांत दिसत असेल तर ऑपरेटरकडून मागवा. काही डब्यांत ऑपरेटरच्या यंत्रणेत ओळख पटवणारा लोआयडीही असतो. तो पुसला गेला तर लाल दिवा लागून बसतो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत इंटरनेट नाही. डबा ऑपरेटरचा असेल तर रीसेट त्याला विचारूनच करा.

२. फायबर काढा. हिरवा प्लग धरून सरळ ओढायचा, पिवळी तार ओढायची नाही. टोकाला बोट लावू नका आणि तोंडाशी डोळा नेऊ नका, आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही. टोकावर टोपी घाला. जिथे ऑपरेटरची साधी लॅनची तार येते तिथे ती तार काढा.

३. रीसेट करा आणि लॅनच्या तारेने लॅपटॉप जोडा. सेटिंगची जुनी बॅकअप फाइल चढवू नका, बिघडलेली सेटिंग तिच्याबरोबर परत येईल.

४. राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला. वायफायच्या पासवर्डहून तो वेगळा हवा. वायफायचा पाहुण्यांना सांगावा लागतो, हा कोणालाच सांगायचा नाही.

५. रिमोट मॅनेजमेंट, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) आणि यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना परस्पर पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून आतल्या यंत्रापर्यंत उघडलेल्या पोर्टांची) यादी रिकामी करा, डीएमझेड (एखादं यंत्र पूर्ण उघड्यावर ठेवणारी सेटिंग) रिकामा असल्याची खात्री करा. डीएनएस वॅन आणि डीएचसीपी या दोन्ही जागी भरा.

६. वायफायला सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३, आणि जुनी यंत्रं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२-एईएस. पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले तर लक्षातही राहतो.

७. आता फायबर लावा, लगेच नवी आवृत्ती आहे का ते बघा, चढवा, आणि मग बाहेरून चाचणी करा.

डब्ल्यूपीएस का बंद करायचं ते सांगतो, कारण बटण दाबून जोडण्याची सोय लोकांना सोडवत नाही. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून निघतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांच्या जागी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. डिसेंबर २०११ मध्ये हे उघड झालं, तरी घराघरांत ते चालूच असतं.

वायफायचं नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची, म्हणजे यंत्रांच्या वायफाय ओळख-क्रमांकांची, यादी करणं यांत मात्र वेळ घालवू नका. नाव लपवलं तरी साध्या साधनांना ते दिसतं. मॅक पत्ता हवेत उघडाच फिरतो, आणि आताचे फोन तो स्वतःहून बदलतात, म्हणजे या यादीने अडतात ती घरचीच माणसं.

कॅमेरे

ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो डीव्हीआर. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत त्याच्या नावावर तीन पोर्ट उघडे होते आणि त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेला, बहुधा त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच. आईबाबा दिवसभर त्या कॅमेऱ्यांसमोरून ये-जा करतात आणि तीन वर्षं ते चित्र जवळजवळ कुलपाशिवाय होतं, या विचाराने मला रात्री झोप आली नाही.

आम्ही स्टॅटिक आयपी परत केला. आताचे बहुतेक डीव्हीआर कंपनीच्या ॲपमधून दिसतात, त्यासाठी बाहेरून पोर्ट उघडावा लागत नाही. ॲपच्या वाटेत कंपनीच्या सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागतो, हे मान्य. पण जगभरातल्या टकटकीसमोर जुना डीव्हीआर उभा करण्यापेक्षा ते बरं. ज्यांना तोही विश्वास नको असेल त्यांनी राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येणारा कुलूपबंद मार्ग, चालवून घरी यावं. मात्र त्यासाठी सार्वजनिक पत्ता लागतो.

डीव्हीआर, टीव्ही आणि वायफायवरचे बल्ब आता 'गेस्ट' वायफायवर किंवा वेगळ्या जाळ्यावर आहेत, तिथून आमच्या लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही. एक गैरसोय होते: फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायचं तर फोनही त्याच जाळ्यावर न्यावा लागतो, आणि काही राउटरवर तरीही जमत नाही. बाबा पहिले चार दिवस कुरकुरले, आता ते स्वतःच बदलतात.

सीजीनॅटमागे आहात आणि तरी बदलतोय?

मग आत बघा. दोन वाटा आहेत.

पहिली, ब्राउझर. एखाद्या भलत्या पानातली आज्ञावली तुमच्याच ब्राउझरकडून १९२.१६८.१.१ ला विचारणा करवते आणि 'ॲडमिन, ॲडमिन' चालतंय का ते बघते. बाहेरून दार बंद असलं तरी इथे हात घरातलाच असतो. २०१८ मध्ये घोस्टडीएनएस नावाच्या मोहिमेत १ लाखाहून जास्त राउटरचा डीएनएस बदलला गेला, त्यांतले बहुतेक ब्राझीलमधले, आणि त्यात ही ब्राउझरची युक्तीही होती. इलाज तोच: राउटरच्या पानाचा पासवर्ड, नवी आवृत्ती, आणि काम झाल्यावर त्या पानातून लॉगआउट.

दुसरी, आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते. सीजीनॅट फक्त जुन्या पद्धतीच्या पत्त्यांना झाकतं. आयपीव्ही६ चालू असेल तर घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि मधे उभी असते ती राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल. ती वेगळ्या पानावर असते आणि काही स्वस्त डब्यांत बंद असते. तेवढी चालू करा, आयपीव्ही६ बंद करायची गरज नाही.

याउपरही परत आला तर एकेक यंत्र जाळ्यातून काढून दोन-दोन दिवस थांबा आणि वहीत लिहा. डब्याला नवी आवृत्ती येणं थांबलं असेल तर तो बदला. मे २०१८ मध्ये उघड झालेल्या व्हीपीएनफिल्टर नावाच्या किडीने ५४ देशांतली ५ लाख यंत्रं धरली होती आणि तिचा मूळ भाग रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा. ज्याची दुरुस्ती यायची थांबली अशा डब्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

मधल्या दिवसांत कोणी खोट्या पानावर पासवर्ड टाकला असेल तर तो मोबाइल डेटावरून लगेच बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. डीएनएसच्या खोट्या आकड्याचा तो फोटो तेव्हा कामाला येतो.